कानबाईचे रोट

जळगावहून एरंडोल, पारोळा मागे टाकत आमची एस.टी. धुळ्याला पोहोचली. श्रावणात नागपंचमी झाली, की पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. देवी नारळाचीच, पण डोळे, नथ, दागिने घालून अशी सजते, की पाहतच राहावं! सुरत-पुण्याला गेलेली भावकीही या दिवशी मूळ घरी येते.

आमचे काका मात्र शेताच्या वाटणीवरून तीन वर्षं आले नव्हते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. (मुलींची मूठ का नाही, हे मी आजीला विचारलंच. ती नुसती हसली!) आजीनं दरवर्षीसारखी काकांचीही मूठ घातली. बाबा गप्प.

पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी असा नैवेद्य तयार झाला, आणि दारात काका-काकू उभे!

"उना का रे भाऊ?" आजीचा आवाज कापरा झाला. बाबांनी मुकाट्यानं पाट सरकवला. रोट भावकीनंच खायचे असतात ना!

सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरेवर विसर्जनाला निघालो. वाटेत आईनं काकूला फुगडीला ओढलं. बाबा नि काका मागून चालत होते, शेतातल्या कपाशीबद्दल हळूहळू बोलत.