बियाण्याचा न्याय

नर्मदामाई समोरून वाहते आणि आमचे शेत मात्र आभाळाकडे डोळे लावून बसते. ग्वारीघाटापासून कोसभर अंतरावरील त्या मुरमाड उतारास पाटाचे पाणी नाही. अशा कोरडवाहू जमिनीस अश्वगंधा मानवते. ऑगस्टात पेरावी, मुळाशी पाणी साचू देऊ नये आणि पाच-सहा महिन्यांनी उपटावी, एवढेच तिचे मागणे.

तीन वर्षांपूर्वी दोन वाणांची तुलना करावी असे माझ्या मनाने घेतले. एक घरचे जुने बी आणि दुसरे ‘जवाहर असगंध-२०’. हा वाण मंदसौरचा. जबलपूर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालयाच्या नावाची खूण तो मिरवितो. फळे लाल होताच मी ती वेचली, वाळविली व बी मोकळे करून तोलले. घरचे बी जवळजवळ दीडपट भरले! काटोलच्या नणंदबाईंना मी ते आनंदाने पाठविले. केवळ माझ्या शब्दावर त्यांनी अर्धा एकर पेरला. पण मुळे पेन्सिलीएवढीही जाड झाली नाहीत आणि व्यापाऱ्याने ती हलक्या प्रतीत काढली.

माझा धाकटा भाऊ शेत पाहून म्हणाला, “ताई, घरचे बी तू बांधालगत पेरलेस आणि नवे उतारावर. तुझ्या तराजूने बांधाचा ओलावा तोलला. शिवाय बाजार मुळांचा. बी लागते ते पुढल्या पेरणीपुरते.”

मी निरुत्तर झाले. पुढल्या वर्षी दोन्ही वाण आलटून पालटून, प्रत्येकी तीन वाफ्यांत, एकाच दिवशी व सारख्या अंतराने पेरले. कडेची झाडे हिशेबात धरली नाहीत. बी आणि मुळे निरनिराळी तोलली. बियांतील तफावत जवळजवळ नाहीशी झाली; मुळांत नवा वाण सरस ठरला. फळांनी लगडलेल्या झाडाची मुळे भरदार असतातच असे नव्हे, हेही उमगले.

तरीही एका शेतातील एका वर्षाचा हा दाखला. पावसाने ओढ दिली तर निकाल पालटेल. म्हणून वाचकभगिनींनो, दुसऱ्यास बी देताना त्यासोबत आपल्या जमिनीची हकीकतही द्यावी.

नणंदबाईंना मी सारे मोकळेपणाने लिहिले व नवे बी एका पट्ट्यापुरतेच धाडले. त्यांचे उत्तर आले, “वहिनी, ह्या खेपेस वाफे मी आखते, तोलावयास तुम्ही या.”