अस्तराचा हात

चाळिशी ओलांडली की पुरुषाला जुन्या वस्तूंचा लळा लागतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. माझ्या बाबतीत ती जुनी वस्तू म्हणजे वडिलांची १९८४ सालची स्कूटर. ते गेल्यापासून ती जिन्याखाली गंजत उभी होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या आत तिला रंगवायचेच, असे मी मनावर घेतले आणि मराठीचा हा प्राध्यापक रंगाच्या दुकानाची पायरी चढला.

"प्रायमर कोणता देऊ?" दुकानदाराने विचारले. अभ्यास न करता वर्गात आलेल्या विद्यार्थ्यासारखा मी गप्प! आपल्या भाषेत ज्याला अस्तर म्हणतात, त्यालाही जाती असतात हे मला काय ठाऊक? मग त्यानेच माझी शिकवणी घेतली. गंज काढून उघड्या पडलेल्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर द्यावा. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि ओल आत शिरू देत नाही. बारीक चरे बुजवायचे तर त्यावर जाडसर फिलर प्रायमर. पॉलियुरेथेनच्या, हार्डनर मिसळून फवारायच्या प्रायमरला मात्र त्याने मला हातही लावू दिला नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. घरी करायचे ते काम नव्हे. शेवटी फवारणीचे तयार डबे आणि कोळशाच्या डब्या बसवलेला मास्क घेऊन मी परतलो. साधे फडके धूळ अडवते, थिनरची वाफ अडवत नाही, हाही धडा त्यानेच दिला.

रविवारी स्कूटरची बाजूची झाकणे सोडवली. पॉलिश पेपरने गंज घासला, थिनरने तेलकटपणा पुसला. खाली अंगणात मांडामांड केली, तोच परतीच्या पावसाची सर आली. मी सगळे उचलून गॅलरीत आणले आणि पाणी आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या!

डबा दोन मिनिटे हलवला. वीतभर अंतरावरून पातळ हात मारला, दहा मिनिटे थांबलो, दुसरा मारला. मास्कमुळे मला वास म्हणून येत नव्हता. इतक्यात शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, कसला हा वास?" वळून पाहतो तो आई देवापुढे बसलेली, हातात काडेपेटी, काडी ओढण्याच्या बेतात!

मी धावलो आणि तिचा हात धरला. ही वाफ हवेहून जड; जमिनीलगत सरपटत दाराखालून पलीकडे जाते आणि एका ठिणगीने पेट घेते. डब्यातला वायूही तसाच ज्वालाग्राही. पंख्याच्या बटणालाही हात न लावता मी दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि आईला जिन्यात नेऊन बसवले.

उरलेले काम दुसऱ्या दिवशी उन्हात, अंगणातच केले. आता येणारेजाणारे स्कूटरच्या निळ्या रंगाची तारीफ करतात. खालच्या अस्तराची चौकशी कोणी करीत नाही. पण रंग टिकला आहे तो त्याच्याच जिवावर.

त्या संध्याकाळी आमच्या घरी दिवा तासभर उशिरा लागला. "भरल्या घरात सांजवातीला हात धरलास माझा," असे आई अजून ऐकवते. ऐकवू दे. ती ऐकवते आहे, एवढे मला पुरे आहे.