स्वस्तातल्या रंगावर कुठलं पॉलिश?

मंडळी, गेले तीन शनिवार मी गाडी घासतोय. पातळ थरांवर पीएचडी केलेला माणूस मी, मायक्रॉनमध्ये मोजमाप करून पोट भरतो. त्यामुळे इमारतीतल्या कुणी "पॉलिश कुठलं वापरतोस?" असं सहज विचारलं की उत्तर जरा लांबतंच. आज ते तुमच्या वाट्याला आलंय.

आधी जागेबद्दल. आम्ही राहतो बुकित तिमाहला. मलयमध्ये बुकित म्हणजे डोंगर आणि तिमाह म्हणजे कथील, थोडक्यात कथलाचा डोंगर. प्रत्यक्षात डोंगर ग्रॅनाइटचा आहे, कथलाचा पत्ता नाही. उंची १६४ मीटर. आपल्या पर्वतीवर रोज जाणाऱ्याला हसू येईल, पण सिंगापुरातलं हे सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण. डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्यावरच फोर्डचा जुना कारखाना आहे. १९४१ साली सुरू झालेला हा आग्नेय आशियातला फोर्डचा पहिला मोटारजुळणी कारखाना. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती इथेच. आता तिथे संग्रहालय आहे. म्हणजे मोटारींची परंपरा आमच्या गल्लीला जुनी!

आता गाडी. इथे १९९० पासून गाडीच्या आधी ती बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. त्याला सीओई म्हणतात आणि त्याची मुदत दहा वर्षं. मुदत संपली की गाडी मोडीत काढा, देशाबाहेर पाठवा, नाहीतर पुन्हा पैसे भरून पाच किंवा दहा वर्षं वाढवून घ्या. पाच वाढवलीत तर पुढे परत वाढ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छोट्या गाड्यांच्या गटातसुद्धा हा परवाना एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. गाडीचे पैसे वेगळे, बरं का! म्हणून आमच्यासारखे लोक पाच वर्षं वाढवलेली जुनी गाडी घेतात. माझीची अजून तीन वर्षं उरली आहेत. नंतर भंगार.

अशा गाडीला कंपनीचा रंग कोण मारेल? टपावरचा क्लिअर कोट सालपटासारखा सुटत होता, म्हणून एका गॅरेजात सहाशे डॉलरमध्ये गाडी रंगवून घेतली. गडद निळी. ताब्यात आली तेव्हा आरसा! दोन धुण्यांनंतर मात्र उन्हात मशीनच्या गोल गोल रेघा चमकायला लागल्या. जाऊन दाखवल्या, तर तिथले अंकल हसले. (इथे वयस्कर माणूस दिसला की तो अंकलच.) "धिस प्राइस, धिस फिनिश, लाह!" वाद संपला.

झालं असं होतं की फिरत्या मशीनने रेघा पाडून वर तेलकट ग्लेझ फासलं होतं. ग्लेझ रेघांमध्ये भरतं, प्रकाश सरळ परततो आणि आपल्याला चकाकी दिसते. धुतलं की संपलं. आपल्याकडे लाकडाच्या भोकात लांबी भरून वरून पॉलिश मारतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की लांबी टिकते.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावायचं, असं आपल्याला वाटतं. त्याचं कारण कल्हई असावी. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि भांड्यावर नवा थर चढायचा. गाडीचं पॉलिश नेमकं उलटं. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोट घासून काढतात. रेघ नाहीशी होते, कारण तिच्या आजूबाजूची पातळी खाली येते. म्हणजे प्रत्येक चकाकीची किंमत आपण थरातून मोजत असतो.

कंपनीच्या रंगात हा क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कारखान्यात तो १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. चांगल्या गॅरेजात रंगाला हार्डनर घालून ६० अंशांच्या भट्टीत ठेवतात. स्वस्तातल्या ठिकाणी गाडी नुसती वाऱ्यावर उभी. असा रंग पुरता कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर आतलं द्रावक बाहेर पडत असतं. म्हणून त्याच्यावर घाईने वॅक्स किंवा सीलंट चढवायचं नाही. मी दोन महिने थांबलो.

मग जाडी मोजली. टपावर १९० मायक्रॉन, दारांवर २६०. मोठे आकडे बघून भुलू नका, त्यात खालचा जुना रंग, प्रायमर, लांबी सगळं आलं. आपल्या कामाचा वरचा क्लिअर त्यात किती, हे गेज सांगत नाही. आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तर ते गप्पच बसतं.

दुकानात गेलात तर चार प्रकार दिसतील. रबिंग कंपाउंड जोरकस. एका हातात दोन-चार मायक्रॉन सहज नेतं. बारीक पॉलिश त्याहून बरंच कमी काढतं. ग्लेझ आणि 'थ्री इन वन' बाटल्या झाकतात जास्त, काढतात थोडं. वॅक्स आणि सीलंट काहीच काढत नाहीत, नुसतं पांघरूण घालतात. नियम एकच: सर्वांत सौम्य बाटलीपासून सुरुवात, आणि तिने भागलं तर पुढची उघडायची नाही.

मी बॉनेटवर हातभर चौकोन चिकटपट्टीने आखला. मऊ फोमचं पॅड, फिरता-फिरता डुलणारं मशीन (सरळ फिरणारं नव्हे, त्यानेच तर रेघा पडल्या होत्या) आणि मेग्वायर्सचं २०५ नंबरचं बारीक पॉलिश. चार फेऱ्यांनंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. ही पायरी चुकवू नका. तेल निघून गेलं की खरं काय ते दिसतं. गोल रेघा जवळजवळ गेल्या होत्या. कंपाउंडची बाटली कपाटातच राहिली.

संत्र्याच्या सालीसारखा जो खरखरीतपणा आहे, तो मात्र तसाच ठेवलाय. तो घालवायला २००० नंबरच्या पॉलिशपेपरने ओलं घासून मग कंपाउंड मारावं लागतं. त्यात क्लिअर भसाभस जातो आणि अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यं त्यातच असतात. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरचं हे ऊन. पातळ झालेला टप वर्षभरात पुन्हा सोलला, तर त्याला परत रंगवण्याइतकं आयुष्य या गाडीकडे नाही. म्हणून टपावर पॉलिशचा एकच हात, कडांवर चिकटपट्टी, आणि शेवटी साधं सीलंट. ते दर तीन-चार महिन्यांनी, कारण इथल्या साळुंक्या आणि झाडांचा चीक कुणाची गय करत नाहीत.

फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तीन वर्षांनी भंगारात जाणार ना ती? मग एवढी घासतोस कशाला?" प्रश्न बिनतोड होता. बाबांची फियाट एकवीस वर्षं चालली आणि ती कधी संपणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या गाडीवर तारीख छापलेली आहे. खरं तर इथल्या माझ्या वर्क पासवरही आहे. दर नूतनीकरणाला पोटात गोळा येतोच. पण म्हणून भाड्याच्या घरात आम्ही पडदे लावले नाहीत असं नाही, आणि बाल्कनीतली तुळसही तिसऱ्यांदा लावलीच की.

तारीख माहीत असण्याचा एक फायदाही आहे. किती काढायचं आणि किती शिल्लक ठेवायचं, हे ठरवता येतं. बाबांना मी एवढंच म्हटलं, "तीन वर्षं पुरेल इतकंच घासतोय." ते म्हणाले, "मग ठीक आहे. टपाकडे लक्ष ठेव."

असो. तुमचीही गाडी नुकतीच स्वस्तात रंगवून आली असेल, तर आधी दोनदा धुवा, अल्कोहोलने एक कोपरा पुसा आणि मग दुकानात जा. कुठली बाटली घ्यायची ते तो कोपराच सांगेल.