हिचकॉकची लॅरिटा आणि आम्ही

‘ईझी व्हर्च्यू’ या दोन शब्दांचे मराठी काय करावे, यावर आमच्या एम. ए. भाग दोनच्या वर्गात एक अख्खा तास खर्ची पडला. साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवताना तीच ती उदाहरणे किती वर्षे देत राहायची, म्हणून आम्ही दोघींनी या वेळी एक मूकपट दाखवायचे ठरवले होते. मुले शब्द सुचवत गेली, आम्ही ते फळ्यावर लिहीत गेलो : चवचाल, उठवळ, सैल चालीची, आणि शेवटी एकाने जरा सभ्यपणे सुचवलेले ‘वाकडे पाऊल’. फळा भरल्यावर ध्यानात आले की यांतला जवळजवळ एकही शब्द पुरुषाला लावताना जिभेवर नीट बसत नाही. पुरुषाचे शब्द वेगळे, ‘रंगेल’, ‘उनाड’. आणि त्यांत निंदेपेक्षा कौतुकच अधिक. इंग्रजीचा कावा असा की त्या भाषेने शिवी देतानाही ‘शील’ हाच शब्द वापरला आहे. आमचे भाषांतर झाले नाही ते नाहीच. शीर्षक मूळचेच ठेवून आम्ही पडदा सुरू केला.

आल्फ्रेड हिचकॉकचे नाव घेतले की रहस्य, खून, न्हाणीघरातला सुरा असे काहीबाही डोळ्यांपुढे येते. त्याच हिचकॉकने ऐन उमेदीच्या काळात, १९२७ साली, घटस्फोटित स्त्रीवर एक चित्रपट केला आणि तो १९२८ मध्ये लोकांपुढे आला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. मूळ नाटक नोएल कॉवर्डचे. ते १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी लंडनला रंगभूमीवर आले. कॉवर्ड म्हणजे संवादांचा राजा, आणि त्याच्या नाटकाचा मूकपट करायचा! वीणावादनाचे चित्र काढायला सांगावे तसा हा प्रकार. पण पटकथाकार एलियट स्टॅनर्ड आणि हिचकॉक यांनी त्यातून मार्ग काढला. नाटकात जे पूर्वीच घडून गेलेले आहे, ते त्यांनी पडद्यावर आधी घडवून दाखवले. नाटक घरात सुरू होते, चित्रपट न्यायालयात.

पहिलेच दृश्य न्यायाधीशाच्या टोपाचे. मग तो मान वर करतो, एकभिंगी चष्मा डोळ्याला लावतो, आणि समोरच्या माणसांची धूसर आकृती स्पष्ट होते. ज्याला भिंगाशिवाय धड दिसत नाही, तो एका बाईच्या चारित्र्याचा निवाडा करायला बसलेला आहे. आम्ही वर्गात यावर काही बोललो नाही. मुले आपणहून हसली.

लॅरिटा फिल्टनचा नवरा दारुडा आणि मारकुटा. तिचे तैलचित्र रंगवणारा चित्रकार तिच्या दंडावरचे वळ पाहतो, तिच्याबद्दल हळहळतो, हळहळता हळहळता प्रेमात पडतो. ती त्याला प्रतिसाद देत नाही; पण नवरा दारात येऊन उभा राहतो तो नेमका नको त्या क्षणी. पिस्तूल झाडले जाते, काठी चालते, चित्रकार आत्महत्या करतो आणि आपली मालमत्ता तिच्या नावे ठेवून जातो. पंचांना एवढे पुरे होते. पैसे ठेवले म्हणजे काहीतरी असणारच.

इथे कायद्याची बाजू सांगितल्याशिवाय कथेचा डंख कळत नाही. इंग्लंडात १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयात आणला, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणे पुरेसे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १९२३ साली ही विषमता दूर झाली. दूर झाली म्हणजे काय, तर व्यभिचार हे एकच कारण दोघांसाठी सारखे झाले. नुसती मारहाण हे घटस्फोटाचे कारण १९३७ पर्यंत नव्हतेच. त्यासाठी फार तर विभक्त राहण्याची परवानगी मिळे. म्हणजे लॅरिटाच्या दंडावरचे वळ न्यायालयात आणले असते तरी ते वळ म्हणून कामाचे नव्हते, आणि दारातून दिसलेली एक मिठी मात्र कामाची होती. वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, मग तिनं त्याच्यावर दावा का नाही लावला?’’ तिला हे सगळे सांगावे लागले, आणि सांगताना आमच्या लक्षात आले की आजवर आम्हीही ते नीट वाचलेले नव्हते.

(हा कायदा समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. १८८० च्या दशकात रखमाबाईंवर मुंबईत जो दावा लागला, तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे इंग्लंडच्या धर्मपीठाच्या कायद्यातून उचललेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल दिला. गंमत अशी की खुद्द इंग्लंडात अशा अवज्ञेसाठीचा तुरुंगवास १८८४ मध्येच रद्द झालेला होता. मायदेशी टाकून दिलेला कायदा वसाहतीत नव्यासारखा चालत होता.)

निकालानंतर लॅरिटा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नाव बदलून राहते. टेनिसचा चेंडू तिच्या डोळ्यावर लागतो, त्या निमित्ताने जॉन व्हिटेकर नावाचा एक तरुण तिच्या आयुष्यात येतो. तो लग्नाची मागणी घालतो, ती वेळ मागून घेते, मध्यरात्रीच्या सुमारास दूरध्वनी करीन म्हणते.

आणि आता ते दृश्य, ज्यासाठी हा चित्रपट पाहावा. लॅरिटा काय उत्तर देते हे हिचकॉक आपल्याला दाखवत नाही. ती दोघे पडद्यावरच नाहीत, त्यांच्या संवादाची पाटीही नाही. आहे ती टेलिफोन जोडून देणारी एक मुलगी. हातातले वाचन बाजूला सारून ती कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकू लागते. तिच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल, मग काळजी, मग कुठे बिनसले की काय अशी धाकधूक, आणि अखेर असा काही आनंद उमलतो की होकार मिळाला हे आपल्याला कळते. बेनिता ह्यूम ही ती नटी. दोन अपरिचित माणसांचे आयुष्य जुळले म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या सुखावणारी. चोरून ऐकणे ही खरे तर चहाडीची पहिली पायरी. पण या चित्रपटात लॅरिटाच्या बाबतीत अगदी निर्मळपणे आनंदणारे माणूस कोण, असे विचारले तर ही चोरून ऐकणारी मुलगीच पुढे येते. घरच्यांना ते जमत नाही.

घरचे म्हणजे जॉनची आई आणि बहिणी. इंग्लंडातला तो जुना वाडा, त्यातली लांबलचक जेवणाची मेजे, आणि दारात स्वागताला उभी सासू. व्हायोलेट फेअरब्रदरने ही सासू अशी उभी केली आहे की वर्गातल्या मुलींनी तिला तत्काळ ओळखले. ती ओरडत नाही, भांडत नाही, नुसती पाहते. पुढे नियतकालिकातल्या एका छायाचित्रावरून लॅरिटाचे पूर्वायुष्य उघडकीला येते. जॉन हा मुळात वाईट मुलगा नाही. तो फक्त आईकडे पाहतो, मग बायकोकडे पाहतो, आणि पुन्हा आईकडे पाहतो.

हा उत्तरार्ध सरधोपट आहे, हे मान्य करायला हवे. शिवाय मूळ लांबीची प्रत आज उपलब्ध नाही. जे उरले ते १६ मिलिमीटरच्या प्रतींतून, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये त्यांवरूनच जीर्णोद्धार केला. त्यामुळे मधूनमधून पात्रे कुठून आली, कुठे गेली असे होते. पण आम्हांला खरे थांबवले ते या उत्तरार्धानेच. त्याचे कारण चित्रपटात नाही.

मराठीत विवाहविच्छेदाला तीन-चार शब्द आहेत. ‘काडीमोड’ हा जातगंगेतला, ज्यात काडी मोडून नाते संपवले जाई. ‘फारकत’ हा दरबारी, मूळचा मुक्ततेचा लेख; देण्याघेण्याच्या व्यवहारातही तो चाले. आणि तिसरा, कायद्याच्या पुस्तकात बसलेला, ‘घटस्फोट’. धर्मशास्त्रात या शब्दाचा पतिपत्नींशी संबंध नव्हता. पतित माणसाला जातीबाहेर टाकण्याचा तो विधी. आप्तांनी जमायचे, जिवंत माणसाच्या नावे मृताप्रमाणे उदक द्यायचे, आणि पाण्याने भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा. त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, एकत्र बसणे बंद. हा शब्द आम्ही आमच्या सबंध अध्यापनात हजार वेळा उच्चारला असेल. त्याच्या पोटात बहिष्कार आहे, हे आम्ही शब्दार्थ म्हणून शिकवले होते. तो कसा घातला जातो हेही आम्हांला चांगले ठाऊक होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक बाई आल्या. भाषाविज्ञान शिकवीत, उत्तम शिकवीत. त्यांच्या प्रमाणपत्रांवर दोन आडनावे होती आणि सोबत नावबदलाच्या राजपत्राची प्रत. कार्यालयातून ही गोष्ट प्राध्यापक कक्षात यायला अर्धा दिवस पुरला. कुणी कुणाला वाईट बोलले नाही. इतकेच झाले की त्या आत आल्या की चालू असलेले बोलणे थांबे, आणि मग कुणीतरी उन्हाळ्याबद्दल काहीतरी बोले. संक्रांतीला महिला कक्षात हळदीकुंकू असते. निमंत्रणाची यादी त्या वर्षी आम्ही दोघींनी केली होती. अक्षर आमच्यापैकी एकीचे. त्यांचे नाव आम्ही लिहिले नाही. ‘‘त्यांना उगीच अवघडल्यासारखं व्हायचं,’’ असे आम्ही एकमेकींना म्हणालो, आणि ते आम्हांला त्या वेळी खरेही वाटले. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या. हळदीकुंकू चालू असताना त्या ग्रंथालयात बसून चाचणीचे पेपर तपासत होत्या, हे आम्हांला दिसत होते. मध्ये फक्त एक व्हरांडा होता.

दुसऱ्या दिवशी त्या घरून तिळगूळ घेऊन आल्या. सगळ्यांना दिला. आमच्या हातांवरही ठेवला, आणि रूढीचे शब्द म्हणाल्या. आम्हांला ते म्हणताना खाली पाहावे लागले. सत्र संपल्यावर त्यांनी दुसरीकडे अर्ज केला.

चित्रपटात मेजवानीच्या रात्री सासूची अपेक्षा असते की लॅरिटाने आपल्या खोलीतून बाहेर पडू नये. ती पडते. झगझगीत पोशाख, हातात पिसांचा भलामोठा पंखा, अशी ती जिना उतरून येते आणि सारे दालन तिच्याकडे वळते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इसाबेल जीन्सचे हे काम टाळ्या घेण्याजोगेच आहे. पण आम्ही जिन्याकडे पाहत नव्हतो. खाली उभ्या असलेल्या बायकांकडे पाहत होतो. त्या काहीच करत नाहीत. एकीने दुसरीच्या कानाशी तोंड नेलेले, एवढेच.

लॅरिटा घर सोडते आणि दुसरा घटस्फोट विनाविरोध मंजूर होऊ देते. ‘विनाविरोध’ हा शब्द कागदावर सौम्य दिसतो. वर सांगितलेला कायदा ध्यानात घेतला, तर कुणीतरी दोषी ठरल्याखेरीज सुटका नव्हती; विरोध न करणे म्हणजे दोष अंगावर घेणे. बाहेर छायाचित्रकार उभे असतात. न्यायालयाच्या आवारात छायाचित्रे काढायला १९२५ च्या कायद्याने, आणि घटस्फोटाच्या खटल्यांचे साग्रसंगीत वृत्तान्त छापायला १९२६ च्या कायद्याने बंदी घातली होती, तरी पडद्यावरचे कॅमेरे हटत नाहीत. त्यांना उद्देशून ती जे वाक्य म्हणते त्याचा आशय असा, की झाडा गोळी, आता मारायला काही उरलेले नाही. ही आपण लिहिलेली सर्वांत वाईट पाटी, असे हिचकॉक पुढे त्रुफोला म्हणाला. आम्हांला ती तितकी वाईट वाटत नाही. भडक आहे खरी. पण चित्रपटभर गप्प राहिलेल्या बाईला एक भडक वाक्य माफ असावे.

चर्चेच्या वेळी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सगळी चूक तिचीच आहे मॅडम. तिनं आधीच खरं सांगायला पाहिजे होतं.’’ त्यावर त्याच्याच शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘आधी सांगितलं असतं तर पिक्चर तिथंच संपला असता रे.’’ वर्ग हसला. उरलेला वेळ मग याच वादात गेला, आणि कॉवर्ड बाजूला राहिला.

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रावर त्या बाई भेटल्या. आता त्या एका महाविद्यालयात कायम आहेत. चहाच्या वेळी इकडचे तिकडचे बोलणे झाले. संक्रांतीचा विषय आम्ही काढणार होतो, काढला नाही. सध्या वर्गात काय शिकवता, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही या चित्रपटाबद्दल सांगितले, आणि सांगता सांगता पुष्कळच सांगितले. त्यांनी नाव लिहून घेतले. आठवड्याने त्यांचा फोनवर निरोप आला. चित्रपट पाहिला होता. शेवटाबद्दल, सासूबद्दल, जिन्याबद्दल काही नव्हते. एवढेच विचारले होते की ती टेलिफोनवरची मुलगी पुढे पुन्हा कुठे दिसते का, की आपल्याच नजरेतून सुटली?

दिसत नाही, असे आम्ही कळवले.