‘मगर’ जहाजाचें चरित्र

भातकुलीकडील विहिरींना खारें पाणी असलें, तरी समुद्र येथून शेंकडों मैल दूर. सबब जहाजांविषयींचें आम्हां वऱ्हाडकरांचें ज्ञान पुस्तकीच. तथापि ‘मगर’ या जहाजाचें चरित्र मला बोधप्रद वाटतें.

रेतींत रुतणें हें इतर जहाजांस अरिष्ट. याचें तें कर्तव्यच होतें. सपाट तळाचें हें जहाज बेतानें किनाऱ्यावर चढे, पुढील दार उघडी आणि पोटांतील रणगाडे थेट वाळूवर उतरवी. मात्र किनारा गांठण्यापूर्वींच मागचा नांगर पाण्यांत सोडलेला असे. त्याचाच दोर ओढून तें पुनः मोकळें होई.

ब्रिटनमध्यें १९४५ सालीं तें पाण्यांत उतरलें, तेव्हां त्यास नांवहि नव्हतें. ३०११ हा केवळ क्रमांक. पुढें ‘अव्हेंजर’, म्हणजे सूड घेणारा, असें त्याचें बारसें झालें. १९४९ सालीं तें स्वतंत्र हिंदुस्थानाच्या आरमारांत येऊन ‘मगर’ झालें. त्याच्या पश्चात् तेंच नांव १९८७ सालीं त्याच जातीच्या स्वदेशी जहाजास मिळालें. महामारीच्या काळांत, मे २०२० मध्यें, या दुसऱ्या ‘मगर’नें मालदीवांत अडकलेल्या २०२ जणांस कोचीस सुखरूप आणलें, २०२३ सालीं तेंहि सेवानिवृत्त झालें.

रणगाड्यांसाठीं योजिलेलें पोट अखेर माणसांच्या कामीं आलें. मुलांस दूरदेशीं धाडणाऱ्या आपल्या घरांनीं या जहाजापासून एवढें घ्यावें: जाणाऱ्यास अडवूं नये, पण मागचा नांगर आधीं सोडावा. घरचा दोर हातीं असला, म्हणजे परका किनारा रुतवून ठेवीत नाहीं.