आईच्या फाइलमधली निळ्या शाईची नोंद

#थ्रेड #इतिहास

१/ दिवाळीच्या साफसफाईत आईच्या कपाटात माझ्या जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सापडले. आईचा रक्तगट ओ निगेटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह आणि खाली निळ्या शाईत दोनच शब्द : ‘अँटी-डी दिले’. आई म्हणाली, “तुझे बाबा ते इंजेक्शन शोधत सांगलीत चार दुकानं हिंडले होते. बर्फाच्या पिशवीत घेऊन आले.” इतिहासाच्या विद्यार्थिनीला कागद दिसला की तो कोठून आला, हे विचारल्यावाचून राहवत नाही. हा थ्रेड त्या नोंदीविषयी.

२/ आई आर-एच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही रक्तपेशी आईच्या रक्तात शिरतात. तिचे शरीर त्यांना परके मानून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवू लागते. पहिले बाळ सहसा सुखरूप असते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी मात्र गर्भातच नष्ट होऊ शकतात.

३/ यावरचा उपाय १९६८ पासून वापरात आहे. हीच प्रतिपिंडे तयार स्वरूपात प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला टोचायची. बाळाच्या पेशी वेळीच निकालात निघतात आणि आईचे शरीर तो धडा शिकतच नाही. माझा धाकटा भाऊ पॉझिटिव्ह आहे आणि धडधाकट जन्मला.

४/ पण ही तयार प्रतिपिंडे येतात कोठून? दुसऱ्या माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातून, म्हणजे प्लाझ्मातून. मग त्या रक्तद्रवात एखादा विषाणू असेल तर?

५/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोह्न यांनी रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची रीत बसवली. थंड अल्कोहोलचे प्रमाण, आम्लता आणि तापमान बदलत गेले की एकेक प्रथिन खाली बसते. त्यांपैकी अल्ब्युमिन सोशीक. योग्य स्थिरकारके घालून ते ६० अंश सेल्सिअसला १० तास तापवता येते आणि विषाणू मरतात. प्रतिपिंडे तशी नाहीत. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आठवा : साध्या द्रावणात तापवली, की तीही गोठून निकामी होतात. विषाणू मारावा तर औषधच मरते, हा खरा पेच होता.

६/ तरीही कोह्न यांच्या रीतीने काढलेली प्रतिपिंडे बहुतांशी सुरक्षित ठरली. त्या प्रक्रियेत विषाणूंचा बराच भार आपसूक कमी होत असे. कोणी मुद्दाम न योजलेले हे संरक्षण होते, आणि न योजलेले संरक्षण हातातून निसटले तर ते कळतही नाही.

७/ आयर्लंडमध्ये तेच घडले. तेथील रक्तसंक्रमण मंडळ अँटी-डी वेगळ्या रीतीने, रासायनिक स्तंभातून रक्तद्रव पाठवून, तयार करीत असे. १९७६ मध्ये उपचारासाठी रक्तद्रव काढल्या जात असलेल्या एका गर्भवतीला कावीळ झाली. हिपॅटायटीस बी ची चाचणी निगेटिव्ह आली. तिचा रक्तद्रव वापरला गेला.

८/ तिच्या शरीरात होता हिपॅटायटीस सी. त्याची ओळख पटली १९८९ मध्ये. १९७७ साली त्याला नावही नव्हते. परंतु कावीळ दिसली होती आणि तिची नोंद झाली होती. नोंद करणारे हात होते, तिच्यापाशी थांबणारे डोळे नव्हते. १९९१ च्या अखेरीस लंडनहून त्या जुन्या नमुन्यांत हिपॅटायटीस सी आढळल्याचे कळवण्यात आले. जनतेला ते सांगितले गेले फेब्रुवारी १९९४ मध्ये.

९/ हजाराहून अधिक स्त्रिया बाधित झाल्या. त्या आजारी नव्हत्या. नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि पुढच्या बाळासाठी त्यांनी दंड पुढे केला होता. डोनेगलच्या ब्रिजिड मॅकोल या १२ मुलांच्या आईने मंडळाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये चौकशी न्यायाधिकरणाने मंडळाच्या चुका अहवालात मांडल्या.

१०/ आता याच काळातली दुसरी बाजू. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये बर्नार्ड होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी उष्णतेला पर्याय शोधला. एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सी या विषाणूंभोवती मेदाचे वेष्टन असते. प्रतिपिंडावर ते नसते. म्हणून विशिष्ट द्रावक आणि डिटर्जंट मिसळायचे. वेष्टन विरघळते, विषाणू निकामी होतो, प्रतिपिंड शाबूत राहते. नंतर ती रसायने काढून टाकायची. खरकट्या भांड्याचा तेलकटपणा साबणाने जावा आणि भांडे तसेच राहावे, तसे.

११/ अमेरिकेत या पद्धतीला परवानगी मिळाली १९८५ मध्ये, म्हणजे हिपॅटायटीस सी सापडण्याच्या चार वर्षे आधी. चाचणीला शत्रूचे नाव ठाऊक असावे लागते. या पद्धतीला लागत नाही. या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. तिलाही मर्यादा आहे : पार्व्होव्हायरस, हिपॅटायटीस ए यांना असे वेष्टन नसते. म्हणून पुढे सुमारे २० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळण्या आल्या. प्रतिपिंड त्यांतून पार होते, बहुतेक विषाणू अडकतात.

१२/ हे सारे वाचून झाल्यावर मी आईचे कार्ड पुन्हा काढले. बॅच क्रमांक शोधला. तो लिहिलेलाच नव्हता. आईला काही न सांगता कसे चालेल? सांगितले. तिने हिपॅटायटीस सी ची चाचणी करून घेतली. अहवाल येईपर्यंतच्या दोन दिवसांत ती नेहमीसारखी वावरत होती; मी नव्हते. अहवाल निगेटिव्ह आला.

१३/ आयर्लंडमध्ये अनेक स्त्रियांनी असाच लिफाफा उघडला आणि आत दुसरा शब्द होता. त्यांच्या आणि आईच्या मधे द्रावक, डिटर्जंट आणि गाळण्या आहेतच. पण तेवढ्याने भागत नाही. कोणाला कोणते औषध, कोणत्या बॅचचे दिले, हा कागदही औषधाचाच भाग असतो. घरी जुन्या फाइली असतील तर टाकू नका. आणि पुढच्या वेळी इंजेक्शनच्या खोक्यावरचा बॅच क्रमांक स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.

(थ्रेड समाप्त)