हातांचं भाषण

भिलाईच्या मरोद्यात राहणाऱ्याला आवाज अंगवळणी पडतो. दल्ली-राजहऱ्याकडून लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्या, पाळी सुटली की रस्त्यावर लोटणाऱ्या मोटारसायकली, आणि या सगळ्याच्या तळाशी पोलाद कारखान्याची घरघर. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून भिलाई आवाजातच वाढली. तरी त्या कारखान्याच्या पोटात कामाचं कितीतरी बोलणं तोंडाने होत नाही. मिलच्या गदारोळात हाक मारून काय उपयोग? खाली उभा असलेला माणूस हात कोपरातून वर धरतो आणि तर्जनी आभाळाकडे करून लहानसं वर्तुळ फिरवतो. वर केबिनमधला क्रेनवाला वजन उचलतो. बोट जमिनीकडे वळवून तसंच फिरवलं की वजन उतरतं. हात लांब करून तळवा खाली धरत आडवा हलवला की सगळं थांबतं. खूण चुकली तर टनावारी लोखंड कुणाच्या तरी अंगावर यायचं, म्हणून ती स्वच्छ आणि वेळेवरच द्यावी लागते.

इथून जवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा गायच्या. त्यांचा तंबोरा क्षणात भीमाची गदा व्हायचा, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. गाण्याचा एक शब्दही कानी पडला नाही, तरी दुःशासन कधी कोसळला ते कळायचं.

अशा मुलखात कर्णबधिर मुलं व्यासपीठावर उभी राहून भाषण करतात याचं कुणाला नवल का वाटावं? पण वाटतं. आम्हा मराठी माणसांना वक्तृत्वाचं भारी कौतुक. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. घर सोडून आलेली आमची माणसं भिलाईतही गणपतीत पोरांच्या भाषणांच्या स्पर्धा ठेवत आली. त्या कौतुकात न ऐकू येणारं मूल मात्र सहसा पहिल्या रांगेतला पाहुणा असतं.

सांकेतिक भाषेतलं भाषण मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा माझी नजर नुसती हातांवर होती, आणि निम्मं भाषण तर चेहऱ्यावर चाललं होतं. भुवया उंचावल्या की साधं विधान प्रश्न होतं. 'कोण', 'कुठे', 'काय' हे भारतीय सांकेतिक भाषेत बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे पाहणारा शेवटपर्यंत धरून ठेवला जातो. गोष्टीतली आजी वक्त्याने एकदा उजवीकडे 'बसवली' की पुढे नुसतं तिकडे बोट केलं तरी पुरतं. खांदे किंचित वळवले की आजी बोलू लागते, परत वळवले की नात. समोरची मोकळी हवा हळूहळू माणसांनी भरून जाते. चांगला वक्ता ती माणसं शेवटपर्यंत आपापल्या जागी राखतो. कच्च्याची आजी मध्येच डावीकडे जाते आणि गोष्ट विस्कटते. या व्यासपीठाचे नियमही आपले आपले आहेत. कपडे साधे, एकरंगी, म्हणजे हात उठून दिसतात. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की भाषण काळोखात बुडतं. आणि श्रोत्याने मोबाइलकडे मान घातली, तर तेवढं वाक्य त्याच्यापुरतं बोललंच गेलं नाही.

काही मुलं आवाजाने बोलतात, तीही सगळं पणाला लावूनच. मराठी घरातल्या मुलाला भिलाईत ओठ वाचायचे ते घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी. पान, मान आणि बाण ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. कोणता शब्द आला ते पुढच्या वाक्यावरून ताडायचं. इतकं करून जो बोलायला उभा राहतो, त्याच्या उच्चाराला हसणाऱ्याला ऐकण्याचा अधिकार तरी आहे का?

अमेरिकेत ऑप्टिमिस्ट इंटरनॅशनल ही संस्था कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेते. आवाजाने बोला किंवा खुणांनी, विषय तोच आणि कसोटीही तीच. आपल्याकडे 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलं सांकेतिक भाषेतून विनोद, गोष्ट आणि निबंध सादर करतात. हातांनी रचलेला निबंध! मी जे कागदावर करू पाहतो, ते एखादी शाळकरी मुलगी हवेत करते आणि तिला खोडरबरही मिळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साथीने, पडद्यावरून का होईना, सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या. तिथवर जायचं तर चारचौघांसमोर आपलं म्हणणं मांडण्याची सवय कुठेतरी लागायलाच हवी.

मला मनापासून वाटतं, या मुलांना कौतुकाची वाण नाही. ती व्यासपीठावर चढली की सभागृह भारावतं, कुणी डोळे टिपतं, प्रत्येकाच्या हातात एकसारखी ढाल पडते आणि समारंभ संपतो. मुलाने काय मांडलं हे कुणी विचारत नाही. मुद्दा भरकटला, शेवट घाईत उरकला, खुणा एकमेकींत मिसळल्या, हे सांगणारा कुणी भेटत नाही. आणि जो सांगत नाही, त्याला बहुधा भाषण कळलेलंच नसतं. म्हणून परीक्षकांच्या टेबलाशी सांकेतिक भाषेत मुरलेली कर्णबधिर माणसं हवीत. आम्हा ऐकणाऱ्यांसाठी दुभाषी हवा, कारण त्या सभागृहात अडाणी आम्ही आहोत.

येत्या गणपतीत भिलाईतल्या एखाद्या मंडळाने एवढं करावं. मरोद्याची एखादी मुलगी उभी राहील, टाळ्यांऐवजी हवेत हात हलतील, आणि मग परीक्षक तिला समोर बसवून सांगतील की तुझा दुसरा मुद्दा पटला नाही. दहापैकी सहाच गुण मिळोत, पण ते तिच्या भाषणाचे असोत.